हेल्वीचा चिमटा

कपडे वाळत घालायचा एक जुना लाकडी चिमटा, एवढीच माझी ओळख आहे, मित्रांनो. माझे लाकूड काळवंडले आहे, स्प्रिंग गंजली आहे. मी कॅनडातल्या लेक सुपीरियर या अफाट सरोवराच्या तळाशी जाऊन आलो आहे, हे शेजारच्या चिमट्यांना शपथेवर सांगितले तरी पटत नाही.

थंडर बेच्या बाजारातून हेल्वीने मला आणले. पहिली काही वर्षे मी तिच्या अंगणात सॉनाचे, म्हणजे वाफेच्या स्नानाचे, टॉवेल आणि ओन्नीचे लोकरी पायमोजे सांभाळले. ओन्नी म्हणजे तिचा नवरा. दोघेही पट्टीचे पाणबुडे. बुडालेली जहाजे पाहायला ते इतक्या खोल उतरत की तिथे भर उन्हाळ्यातही पाणी हाडे गोठवणारे असे.

एके दिवशी हेल्वीने तापलेल्या सळईने माझ्या अंगावर एक आडवी खूण डागली. दुखले, पण मान वाटला. कारण तेव्हापासून मी तिच्यासोबत खाली जाऊ लागलो. इथल्या पाणबुड्यांची एक रीत आहे. जहाजाच्या पोटात शिरताना मागे दोरी सोडत जायचे. जिथे दोरीला फाटा फुटतो, तिथे बाहेरच्या वाटेच्या बाजूला प्रत्येकाने आपला चिमटा लावायचा. आत गाळ उसळला की दिवासुद्धा आंधळा होतो. मग परतताना चाचपून आपला चिमटा शोधायचा, काढून घ्यायचा आणि त्याच बाजूने बाहेर पडायचे. चिमटा दोरीवर आहे, तोवर त्याचा मालक आत आहे. त्याला सोडून कोणी वर जायचे नाही.

कित्येक वर्षे मी हे काम इमानाने केले. मग ती ऑक्टोबरमधली सकाळ आली. धान्य वाहणाऱ्या एका जुन्या, बुडालेल्या जहाजावर उतरायचे होते.

"ओन्नी, त्या हातमोज्यांत बोटं आहेत की बटाटे?" बोटवाला डंकन म्हणाला.

"बटाटेच! वर आलो की उकडून खा."

"माझा चिमटा मात्र मीच काढणार हं," हेल्वीने बजावले. "तुझ्या बटाट्यांनी हात लावलास तर बघ!"

खाली गेल्यावर दोघांनी आम्हा दोन चिमट्यांना फाट्यावर अगदी खेटून लावले. पुढे इंजिनाच्या खोलीत छताचा गंज कोसळला, गाळ उसळला आणि दोघांची ताटातूट झाली. ओन्नी आधी फाट्यापाशी पोहोचला. थंडीने त्याची बोटे बधिर झाली होती. त्याने आपला चिमटा ओढला, आणि त्याच मुठीत मीही आलो. त्याला कळलेच नाही. आम्हाला खिशात टाकून त्याने रीतीप्रमाणे दोरी पुन्हा चाचपली. दोरी मोकळी होती. हेल्वी बाहेर पडली, असे समजून तो निघाला. मी किती ओरडलो! पण लाकडाचे कोण ऐकणार?

खोलातून एकदम वर आले तर रक्तात बुडबुडे होतात, म्हणून थांबत थांबत यावे लागते. थोडे वर येऊन ओन्नी थांबला. त्याने वर पाहिले. हेल्वी दिसेना. त्याने खिसा चाचपला आणि आम्हाला बाहेर काढले. माझी आडवी खूण पाहून त्याचा जो चेहरा झाला, तसा चेहरा मला पुन्हा पाहायचा नाही.

तो उलटा खाली सुटला. फाट्यावर त्याने मला परत लावले आणि चाकूच्या मुठीने लोखंडावर ठोकायला लागला. हेल्वी मघाशी तिथवर येऊन गेली होती. चिमटा हाती लागला नाही, म्हणून हा आपला फाटा नव्हे असे समजून ती माघारी आत वळली होती. ठोके ऐकून ती आली. तिच्या हाताने मला घट्ट पकडले. तिची हवा संपत आली होती. ओन्नीने आपल्या दोन टाक्यांपैकी भरलेली टाकी तिला दिली आणि तिला पुरेसे थांबत थांबत वर यायला लावले. त्याच्यापाशी उरलेल्या हवेत त्याला मात्र थांबता आले नाही.

"दुसरी टाकी कुठंय रे तुझी?" त्याला बोटीत ओढत डंकन ओरडला.

"तिच्याकडे. ती येतेय. तिला बघ आधी."

रक्तात बुडबुडे होऊन ओन्नीचे पाय गेले. इस्पितळात हेल्वी त्याच्यावर रागावली, रडली, पुन्हा रागावली. "हात लावू नको म्हटलं होतं ना तुला! आणि परत कशाला आलास, वेड्या?"

"तुझा चिमटा द्यायला," तो म्हणाला.

त्यानंतर दोघे पाण्यात उतरले नाहीत. मी पुन्हा अंगणात आलो. ओन्नीला चाकाच्या खुर्चीतून हात पुरावा, म्हणून कपड्यांची दोरी आता खाली बांधली आहे. मित्रांनो, माझ्यासारखी क्षुल्लक वस्तू उचलताना ती कोणाची आहे एवढे जरूर पाहा. तिच्या भरवशावर कोणीतरी अंधारात वाट शोधत असेल.

गारठ्यातही ओन्नी कपडे काढायला उघड्या हातांनी येतो.

"हातमोजे घाल की रे, बोटं गोठतील," हेल्वी म्हणते.

तो ऐकत नाही. एका वेळी एकच चिमटा काढतो, उलटून पाहतो आणि टोपलीत टाकतो. माझी पाळी आली की मला टोपलीत टाकत नाही. "हा तुझा," म्हणतो आणि तिच्या हातात देतो.