सिदूबाबाच्या अंगाऱ्यातली गोळी

गुरुवारी तलवाड्यात सिदूबाबाच्या मांडवात मुंगीला शिरायला जागा नसे. हा बाबा घुमत नसे, किंचाळत नसे. त्याच्या पाटावर देवीशेजारी बीपीचं मशीन होतं.

"अंगारा आमी देतो, आकडा मशीन सांगतंय," तो म्हणे. "मशीन कुणाच्या बापाचं हाय का?"

एकशेऐंशीवाले आठवडाभर पुड्या खाऊन एकशेतीसवर येत. पुष्कळांचे पाय सुजत. त्यावरही उत्तर तयार असे. "देवी पायात उतरली. आता दवाखान्याच्या गोळ्या बंद. दोन दगडांवर पाय ठेवू नका."

त्या गर्दीत शिवकन्या सासूशेजारी बसली होती. नवरा बंकट जाऊन महिना झाला होता. तिला रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, काहीच होत नव्हतं.

बंकट अंगाऱ्याचा पक्का भक्त. दवाखान्याच्या गोळ्या त्यानं उकिरड्यावर फेकल्या, तेव्हा शिवकन्येनं गुपचूप दुसरं पाकीट आणलं आणि रोज एक गोळी कुटून त्याच्या पिठल्यात कालवू लागली. बाबा खोटा निघाला तरी नवरा वाचेल, एवढाच तिचा विचार. पुढं बंकट उठताना अंधारी येते म्हणू लागला, आणि एका सकाळी मोटार चालू करायला वाकला तो विहिरीतच गेला.

परवा उपकेंद्राच्या नाजिया सिस्टर घरी आल्या होत्या. इतक्या जणांचे पाय एकाच तऱ्हेनं सुजलेले पाहून त्यांना संशय आला होता. त्यांनी एक पुडी बीडला तपासून घेतली. राखेत रक्तदाबाची गोळी कुटलेली निघाली, अगदी दवाखान्यात मिळते तीच.

"रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतो," सिस्टरांनी सांगितलं. "त्याच्या पेशींना बारीक दारं असतात. तिथून कॅल्शियम आत शिरलं की स्नायू आवळतो, वाहिनी अरुंद होते, दाब चढतो. ही गोळी ती दारं अडवते. वाहिनी सैल पडते, दाब उतरतो. पायाची सूजही तिच्यामुळंच. देवीबिवी काही न्हाई."

"आन् दोन ठिकाणाहून गोळी पोटात गेली तर?"

"दाब नको तेवढा उतरतो. उठता-वाकताना माणूस कोसळतो. कावून विचारताय?"

शिवकन्या उठून चुलीकडं गेली होती.

आता बाबानं वच्छलाबाईच्या, म्हणजे तिच्या सासूच्या हातावर पुड्या ठेवल्या. शिवकन्येनं त्या उचलल्या आणि ती उभी राहिली.

"ह्यात दवाखान्याची गोळी हाय. सिस्टरांकडं तपासणीचा कागद हाय."

बाबा गालात हसला. "गोळी हाय तर तुजा बंकट कावून मेला?"

सगळा मांडव तिच्याकडं बघू लागला. भीती वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

"मी बी तीच गोळी त्यांच्या पिठल्यात घालत होते. तुमी चोरून दिली, मी बी चोरून दिली. दोघांची मिळून त्यांना झेपली न्हाई."

बाबाचं हसू मावळलं. वच्छलाबाई सुनेकडं बघतच राहिली. "पिठलं कडू लागतंय म्हणायचा," ती हळू म्हणाली. "मीच म्हणलं, गप खा."

शिवकन्येला यावरही रडू आलं नाही. ती लोकांकडं वळली.

"उपकेंद्रात जा, दाब मोजून घ्या. गोळी वाईट न्हाई. किती घ्यायची ते डॉक्टरला विचारा. पोटात जाईल त्याचं नाव विचारत जा. जो नाव सांगत न्हाई, त्याच्या हातचं खाऊ नका. माज्या बी."