ओळंब्याच्या तोंडातलं गाव

मी चित्रकलेचा मास्तर. माझ्या बोलण्यातलं निम्मं खोटं असतं असं माझी बायको म्हणते. कुठलं निम्मं, ते मात्र तिलाही आजवर सांगता आलेलं नाही. तेव्हा तुम्ही सगळंच खरं धरून चाला. मनाला त्रास कमी.

आमच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणजे अत्यंत सरळ माणूस. स्वभावानं नव्हे, आकारानं. भिंत सरळ आहे का हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, त्याला ओळंबा म्हणतात. आम्ही यांचं नाव तेच ठेवलं होतं. ओळंबा व्हरांड्यातून निघाला की रांगेतली पोरं तर ताठ व्हायचीच, पण कुंडीतली वाकडी रोपंसुद्धा सावधान उभी राहायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांची नजर एका केळ्यावर पडली आणि ते केळं पट्टीसारखं सरळ झालं. मी या डोळ्यांनी पाहिलंय. केळं माझंच होतं.

अशा माणसाच्या राज्यात मी चित्रकला शिकवायचो. माझ्याकडे सगळ्या वयाची मुलं येत, आणि प्रत्येक वयाची तऱ्हा निराळी. बालवर्गातल्या चिल्ल्यापिल्ल्यांना ‘घर काढा’ म्हटलं, तर ती आधी घरात राहणारी माणसं काढतात. मग जागा उरलीच तर घर. मधल्या वर्गांना खोडरबराचं व्यसन. चित्र संपतं तेव्हा कागदाला भोक पडलेलं असतं. आणि मोठ्या वर्गांत ओठावर मिसरूड फुटलं की बोटांत लाज उतरते. काहीही सांगा, एकच प्रश्न: “सर, याला मार्क आहेत का?”

या तिन्ही जमातींना मी त्या वर्षी एका कामाला जुंपलं. मातीचं गाव. मोठ्यांनी टेकडी आणि पूल केला, मधल्यांनी घरं बांधली, आणि चिल्ल्यापिल्ल्यांनी अंगठ्याएवढी माणसं घडवली. प्रत्येक माणसाला नाव, नातं, दुखणं, सगळं होतं. काठी टेकणारा पोस्टमन होता, जुळे भाऊ होते, एक लंगडी कुत्रीही होती. बालवर्गात एक गालफुगी मुलगी होती, तिला सगळे फुगाबाई म्हणायचे. तिनं एक आजी केली होती. आजीचा एक हात दुसऱ्यापेक्षा दुप्पट लांब.

“हा एवढा लांब का गं?” मी विचारलं.

“थोपटायला,” फुगाबाई म्हणाली. “मी लांब झोपते ना.”

गाव वाळत ठेवून आम्ही सुट्टीला गेलो. परत आलो तर टेबल पुसून लख्ख, आणि कोपऱ्यातल्या टबात गढूळ पाणी. वाळलेली माती भिजवली की पुन्हा चिखल होतो, हे मीच मुलांना शिकवलं होतं. त्या चिखलात एक पूल अर्धा बुडाला होता आणि एक लांब हात वर आला होता.

शिपाईमामा दारात मान खाली घालून उभे. “सर, हुकूम होता. माझ्याच हातानं टाकलं. त्या दिवशी घास उतरला नाही घशाखाली.”

ओळंबा आलाच मागोमाग. “खोली साफ हवी होती. पाहणीला अधिकारीबाई येणार आहेत. आणि मास्तर, पुढच्या सत्रापासून चित्रकलेचे तास बंद. इथं गणिताची सराव परीक्षा घेऊ. बाईंची मंजुरी मिळाली की तुम्ही तुमचे ब्रश बांधायला घ्या.”

फुगाबाई टबाशी बसून हमसून हमसून रडत होती. ओळंब्यानं तिच्याकडे वरून पाहिलं. “माती होती, माती झाली. त्यात रडायचं काय?”

पोर एकदम गप्प झाली. नाक पुसलं आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. रडणारं मूल समजूत न काढता गप्प झालं, तर समजावं, त्यानं डूख धरला. पण हे मला तेव्हा कुठं कळायला? मी माझाच डूख कुरवाळत होतो.

घरी गेलो. ताट समोर, आणि मी नुसता कराकरा दात खातोय.

“ताटातलं कधी खाणार?” बायकोनं विचारलं.

“त्या ओळंब्याचं उट्टं काढल्यावर.”

“मग उपाशीच मरा. दूधवाला पाणी घालतो तर त्याला ‘आज जरा पातळ वाटतंय’ म्हणता, आणि वर हसता.”

“मी त्यांना एक शब्द बोलणार नाही. चार माणसांत त्यांना तोंडघशी पाडीन, आणि तेही त्यांच्याच हातानं.”

“तुमच्या हातून पडण्यापेक्षा ते बरं,” ती म्हणाली आणि तिनं माझं ताट झाकून ठेवलं.

संधी चालत आली. शाळेच्या आवारातली मोठी पांढरी भिंत निळी रंगवायची होती आणि ओळंब्याला स्वतः रोलर चालवायचा होता, अधिकारीबाईंच्या समोर. श्रमाची थोरवी दाखवायला. मी हात जोडून पुढं गेलो.

“सर, भिंत फार खरखरीत आहे. आधी मुलांकडून तिच्यावर मेणबत्त्या घासून घेऊ का? रोलर लोण्यासारखा फिरेल.”

ज्यानं जन्मात एकदा तरी ब्रश धरलाय, तो यावर पोट धरून हसेल. मेण लागलेल्या जागी पाण्याचा रंग धरत नाही. निथळून जातो आणि मेण होतं तेवढं पांढरं राहतं. पण आमच्या साहेबांनी आयुष्यभर फक्त शेरे मारले होते.

“उत्तम,” ओळंबा म्हणाला. “पण शिस्तीत घासा. रांगेत.”

“चौकटी आखून घेतो, सर.”

“शाब्बास! चौकटी पाहिजेतच.”

चौकटी पाहिजेतच होत्या. लहान चित्र भिंतीएवढं करायची ती सगळ्यात जुनी युक्ती. कागदावरच्या चित्रावर चौकोन आखायचे, भिंतीवर तेवढेच मोठे चौकोन आखायचे आणि एकेका चौकोनात जे असेल ते उतरवायचं. मी घरी बसून ओळंब्याचा चेहरा काढला: ताठ नाक, नाकाच्या शेंड्याला दोरीनं टांगलेलं वजन, आणि ओरडताना उघडतो तसा हा मोठा जबडा. मग चित्राचे चौकोन कापले, पिसले आणि वर्गावर्गांत वाटले. ज्याची जेवढी उंची, तेवढा चेहरा त्याच्या वाट्याला. मोठ्यांना बाकावर चढून कपाळ आणि चष्मा, मधल्यांना नाक, कान आणि वाकून जबड्याच्या कडेचे दात. चिल्ल्यापिल्ल्यांचा हात जिथवर पोचत होता तिथं जबडा येत होता. त्यांना मी सर्वांत सोपं काम दिलं: चौकोन मेणानं नुसता भरून टाका. म्हणजे तोंड कसं पांढरंफटक, भलंमोठं, रिकामं दिसेल. रिकामं तोंड फार बोलतं, असा माझा हिशोब होता.

प्रत्येक वर्ग आपापल्या तासाला आला. पांढऱ्यावर पांढरं, कुणाला काही दिसेना. मोठ्या वर्गातल्या एका मुलीला शंका आली तेवढी.

“सर, हे कुणाचं तरी नाक वाटतंय.”

“डोंगर आहे तो.”

“डोंगराला नाकपुडी?”

“गुहा.”

“गुहेत केस?”

“गवत. आणि याला मार्क आहेत, घास मुकाट्यानं.”

चिल्लीपिल्ली आली तेव्हा मी मागं राहिलेल्या एका मोठ्या मुलासाठी बाक धरून उभा होतो, त्यांच्याकडे माझं लक्ष नव्हतं. ती मात्र कधी नव्हे इतकी शांत होती. जिभा बाहेर काढून घासत होती. मला वाटलं, वा, शिस्त लागली पोरांना.

पाहणीच्या आदल्या संध्याकाळी ऊन तिरपं झालं आणि शिपाईमामा भिंतीपाशी थबकले. मान डावीकडे कलती केली, उजवीकडे केली. तिरप्या उजेडात मेण चमकतं. मामांनी जाऊन सांगितलं असतं, तर माझे ब्रश त्याच रात्री गुंडाळले गेले असते.

“सर,” मामा हळूच म्हणाले, “भिंतीला घाम फुटलाय.”

“तसंच वाटतं खरं.”

“पुसू?”

“नको.”

मामा बराच वेळ खालच्या भागाकडे बघत राहिले. मग ओठांत हसले. “एक टब माझ्या हातानं भरला होता, सर. हे नाही पुसणार.” आणि आवाराच्या कुंपणाकडच्या सगळ्या कुंड्या आणून त्यांनी अशा मांडल्या, की सकाळपर्यंत ओळंब्याला भिंतीजवळ फिरकायला वाटच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी अख्खी शाळा आवारात. अधिकारीबाई खुर्चीवर. बाई ठेंगण्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांच्या कपाळावरची आठी अशी, की तिच्यात पेन्सिल अडकवून ठेवावी. रंग मी कालवला होता. इतका पातळ, की आमच्या दूधवाल्यालाही लाज वाटली असती.

ओळंब्यानं बाह्या सरसावल्या, रोलर बुडवला आणि वरून सुरुवात केली. निळ्या रंगातून कपाळावरच्या पांढऱ्या आठ्या वर आल्या. मग चष्मा. मग नाक, आणि त्याच्या शेंड्याला लोंबणारं वजन. पण गंमत अशी, की भिंतीला नाक लावून रंगवणाऱ्याला आपल्या नाकापुढचं काही दिसत नाही. त्यांना फक्त निळा रंग दिसत होता आणि मधे मधे न बसणारी जागा. ते आणखी जोरात रोलर फिरवत होते. जेवढा जोर, तेवढा चेहरा ठसठशीत. मागून पहिलं हसू फुटलं, मग खसखस, मग टाळ्या. ओळंब्याला वाटलं, श्रमाचं कौतुक चाललंय. ते अधिक त्वेषानं खाली वाकले.

“कल्पना फार छान आहे हो!” अधिकारीबाई मागून म्हणाल्या. “कुणाची?”

“माझीच!” ओळंबा मान न वळवता म्हणाला. “भिंतीची सगळी तयारी माझ्याच सूचनेनुसार. रांगेत, चौकटी आखून!”

हे वाक्य ऐकून माझ्या जिवाला जो थंडावा वाटला, तो मी आजही उन्हाळ्यात वापरतो.

रोलर जबड्यावर फिरला. आणि माझं हसू तिथंच थांबलं. कारण तोंड रिकामं नव्हतं.

भरा म्हटलेले चौकोन चिल्ल्यापिल्ल्यांनी भरलेच नव्हते. त्यांनी त्यांत माणसं काढली होती. अंगठ्याएवढी, ओळखीची. काठी टेकणारा तो पोस्टमन, ते जुळे भाऊ, ती लंगडी कुत्री. चिखलात गेलेलं सगळं गाव त्या उघड्या जबड्यात दाटीवाटीनं उभं होतं, आणि दोन्हीकडून दात. मी त्यांना सांगितलं नव्हतं की ते तोंड आहे. प्रत्येकाला फक्त एक रिकामा चौकोन मिळाला होता, आणि रिकामी जागा दिसताच त्यांनी तिथं आपापलं हरवलेलं माणूस आणून ठेवलं होतं.

टाळ्या थांबल्या. तसा ओळंबा मागं सरकला, आणखी मागं सरकला, आणि त्यानं वर पाहिलं.

अधिकारीबाई उठल्या, भिंतीशी गेल्या. फुगाबाई पहिल्याच रांगेत होती. “बाळ, हे तोंडात कोण आहेत?”

“आमची माणसं,” फुगाबाई म्हणाली. “मातीची केली होती. सरांनी पाण्यात बुडवली.”

“कुठल्या सरांनी?”

फुगाबाईनं आधी भिंतीकडे बोट केलं, मग ओळंब्याकडे. दोन्हीकडे नाक एकच होतं.

“मी... म्हणजे खोली साफ...” ओळंब्याच्या हातातल्या रोलरमधून निळा रंग त्याच्याच बुटावर ठिबकत होता. “बाई, ही भिंत मी लगेच पुसून...”

“पुसायची कशाला?” बाई म्हणाल्या. आठी तशीच होती, पण तिच्या खाली डोळे लकाकत होते. “एवढ्या माणसांसमोर तुम्ही म्हणालात, कल्पना तुमची. मग ती जपायचीही तुम्हीच. दरवर्षी पाहणीला येईन, तेव्हा हे चित्र मला असंच दिसलं पाहिजे. आणि चित्रकलेची एवढी हौस असताना तास बंद करायचं काय म्हणत होता तुम्ही?”

“नाही... नाही म्हणत होतो.”

“मी पण तेच ऐकलं,” बाई म्हणाल्या.

त्या रात्री मी दोन ताटं जेवलो.

तेव्हापासून रोज सकाळी प्रार्थनेला ओळंबा त्या भिंतीसमोर उभा राही, मागं स्वतःचा जबडा, समोर त्याच्याकडे बघणारी पोरं. चिल्लीपिल्ली जाता-येता आपापल्या माणसाला हात करत. ओळंब्यानं त्या आवारात पुन्हा कधी तोंड उघडलं नाही. जांभई आली तर नाकावाटे सोडायचा; कुंड्या हलायच्या.

शेवटी बिचाऱ्याला राहवलं नाही. एक दिवस मधल्या सुट्टीत तो फुगाबाईसमोर चक्क गुडघे टेकून बसला. ओळंबा वाकलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

“बाळ, तुझी आजी तिथं अडकलीय ना? वाईट वाटतं ना तुला? आपण तिला तिथून पुसून काढू या का? मग मी बाईंना सांगेन, तुम्हा मुलांचीच इच्छा होती म्हणून.”

फुगाबाईनं भिंतीकडे पाहिलं. आजी जबड्याच्या अगदी आत, दाढेपाशी होती. थोपटायचा लांब हात दाढेभोवती घट्ट आवळलेला.

“नको,” ती म्हणाली. “तिचं काम चाललंय. ती आतून उपटतेय.”

त्याच आठवड्यात ओळंब्याचा गाल सुजला. दातांच्या डॉक्टरनं तीन वेळा तोंड उघडायला लावलं, आरसा घालून पाहिलं, आणि दाढेत काहीच नाही म्हणून परत पाठवलं.

मला विचाराल, तर त्यानं नीट बघितलं नसणार.