दीड

प्रीतीची आई, चांगुणाबाई, पन्नाशी उलटल्यावर सायकल शिकली होती. एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात ती कामाला जाई, आणि टेम्पोत लोकांच्या घामात चेंगरून जायचा तिला वीट आला होता. वर्षभर तिची सायकल बिनघोर चालली. मागच्या सोमवारी मात्र ती वळणावर सायकलीसकट आडवी झाली. गुडघा फुटला. तेव्हापासून सायकल भिंतीला टेकलेली आणि आई पुन्हा टेम्पोत.

"माझंच वय झालं गं," ती म्हणायची. "इकून टाक ती."

प्रीतीला हे ऐकवत नव्हतं. ती सळयांच्या मिलमध्ये मापं तपासायची. दिवसभर जाडी मोजायचा व्हर्नियर हातात. रविवारी तो घरी आणून तिने मागच्या चाकात हवा भरली. टायर पंधरा दिवसांपूर्वीच बदललेला होता. त्यावर रुंदी छापली होती चाळीस मिलिमीटर. एका जागी भरली छत्तीस. वीतभर पुढे त्रेचाळीस. मग सदतीस. रिम अरुंद असली की टायर छापल्यापेक्षा थोडा कमी भरतो, पण मग सगळीकडे सारखाच. हा जागोजागी सुजलेला होता.

टायर जिथे बदलला होता त्या जुन्या जालन्यातल्या राधेश्यामच्या दुकानात तिने सायकल उभी केली. "उघडा."

त्याने टायर उपसला. आत जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, पोत्याच्या चिंध्या, सगळं सोल्यूशनने थापलेलं. कुजकट, आंबूस वास आला. प्रीतीने एक चिंधी बोटांनी ओढून काढली.

"हे काय?"

"प्याकिंग. टायर ढिल्ला व्हता ना ताई. बराबर बसवून दिल्ता."

"आई पडली माझी."

"मंग मावशीची उमर बघा की! या उमरीत कोणी सायकल चालवतं का?" असं म्हणून तो पंक्चर बघायच्या घमेल्यातच पचकन थुंकला, आणि त्याच पाण्यात ट्यूब बुडवून हात फिरवू लागला. पाण्यावर लाल तवंग पसरला.

प्रीतीने नजर वळवली. "ढिला होता म्हणजे चुकीचा होता. चुकीचा दिला कशाला?"

"मी दिला?" त्याने खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठ्या चाळल्या आणि एक तिच्यापुढे धरली. "वाचा. अक्षर कोणाचं हाय?"

टायर मागवताना तिनेच लिहून पाठवलेली. अक्षर तिचंच होतं. सुबक. २६ × दीड.

तिने कोपऱ्यातल्या ढिगातून आईचा जुना टायर ओढून काढला. त्यावर 26 × 1.50, खाली बारीक अक्षरात 40-559. नव्यावर 26 × 1½, खाली 40-584. शेवटचा आकडा रिमवर टायर जिथे बसतो तिथल्या व्यासाचा. पंचवीस मिलिमीटरचा फरक! हिशेबात दोन्ही दीडच. सायकलीत मात्र टिंबाचा दीड वेगळा आणि अपूर्णांकाचा वेगळा. तिने टिंब पाहिलं होतं आणि लिहिताना सोडून दिलं होतं. मिलमध्ये याच चुकीसाठी ती लोकांना फाडून खायची. त्या घमेल्याची आली नव्हती इतकी शिसारी तिला त्या चिठ्ठीची आली.

"टिंबाचा दीड द्या," ती म्हणाली. "आणि आधी ते पाणी फेका."

"पाण्याला काय झालं?"

"फेका!"

नवा टायर बसल्यावर तिने तीन जागी माप घेतलं. अडतीस, अडतीस, अडतीस.

घरी तिने आईला सगळं सांगितलं. स्वतःची चिठ्ठीही लपवली नाही. आई गुडघा चोळत ऐकत होती.

"म्हंजे मी आपसूक न्हाई पडले? तू पाडलंस?"

"हो."

"अन् मी आठवडाभर लोकांच्या काखा हुंगत गेले!" आईने पदर खोचला, सायकल अंगणात काढली. "दीडशहाणी कुठली!"

पहिल्या पायडलला ती जरा डगमगली, मग गल्लीच्या टोकाला वळण घेऊन दिसेनाशी झाली. प्रीती तिसऱ्यांदा साबणाने हात धूत होती. बोटांना लागलेला त्या चिंधीचा वास अजून जात नव्हता.