तीन चमच्यांची वाटी

मित्रांनो, माझ्यात तीन चमचे दही बसते. चौथा घातलात तर ते काठावरून ओघळते. एवढाच माझा जीव. मी स्टीलची एक जुनी वाटी आहे. घरातल्या इतर भांड्यांनी या लहानपणामुळे मला कधी मान दिला नाही, पण पुढे याच लहानपणाने मला कामाला लावले.

माझा जन्म एका भांड्यांच्या कारखान्यात झाला. मोठ्या ताटांसाठी पत्रा कापला की कोपऱ्यांत तुकडे उरत. त्या तुकड्यांतून माझ्यासारख्या वाट्या निघत. यंत्राच्या एका दणक्यात मला आकार आला. मग तोंडाला फडके बांधलेल्या एका बाईने मला फिरत्या चाकावर धरून चकचकीत केले, उजेडात फिरवून पाहिले आणि पेटीत टाकले. पुढचे काही महिने मी दुकानाच्या फळीवर धूळ खात होते.

एका किल्ल्या बनवणाऱ्या माणसाच्या बायकोने मला विकत घेतले. त्यांची मुलगी नुकती बसायला लागली होती. कुस्करलेले केळे, मऊ भात, उकडून गाळलेले सफरचंद, सारे तिने माझ्यातूनच पहिल्यांदा चाखले. पोट भरले की ती मला जमिनीवर आपटायची. माझ्या काठाला एक पोचा आहे, तो तिचाच. पुढे ती मोठी झाली आणि एके दिवशी मला दूर सारून म्हणाली, "ही बाळाची वाटी आहे. मला नको." तिचे बरोबरच होते. मी खणात गेले. तिथे संपलेले सेल होते, झाकणाची तुटलेली मूठ होती आणि कशाचा ते कुणालाच आठवत नव्हता असा एक स्क्रू होता. आम्ही सगळे तिथे बरीच वर्षे पडून होतो.

किल्लीवाल्यांना सगळे काका म्हणत. त्यांचे दुकान म्हणजे बँक आणि चपलांचे दुकान यांच्यामधली एक टपरी. काका देहाने एवढे वाढले होते की टपरीत आडवे होऊन शिरत, आणि एकदा बसले की संध्याकाळपर्यंत उठत नसत. गुडघे बोलत होते, रक्तात साखर चढली होती, झोपेत श्वास अडकायचा. जेवण कमी करून पाहिले, चालून पाहिले, लोकांचे टोमणे ऐकून पाहिले. शेवटी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. पोटाचा अंड्याएवढा कप्पा तेवढा वापरात ठेवायचा आणि अन्नाची वाट तिथून थेट आतड्याला जोडायची. काकांनी बराच विचार केला आणि ती करून घेतली.

ते घरी आले त्या दिवशी खण उघडला. दवाखान्यात काकूंना लहान भांडी वापरायला सांगितले होते. काकूंनी मला घासले, पुसले आणि माझ्यात तीन चमचे पातळ सूप घातले. ते संपवायला काकांना एवढा वेळ लागला की शेवटचा चमचा गार झाला होता.

मित्रांनो, लोकांना वाटते शस्त्रक्रिया झाली की गोष्ट संपली. मी तर तिथून पुढचेच पाहिले. एकेक घास तोंडात अगदी पातळ होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी प्यायचे नाही, एरवी घोट घोट पीत राहायचे. आधी अंडे किंवा पनीर, मग जागा उरली तर बाकीचे. गोळ्या रोज, त्याही जन्मभर. एकदा काकांनी सवयीने आवडीच्या मिठाईचा तुकडा तोंडात टाकला तर घामाने शर्ट भिजला, छाती धडधडायला लागली आणि त्यांना आडवे व्हावे लागले.

सगळ्यात अवघड गेले ते काकूंना. त्यांचा हात मोठ्या पातेल्याचा. पहिल्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "अहो, एक चमचा अजून घ्या ना. माझ्यासाठी." काकांनी घेतला. तो लगेच उलटून पडला. काकू गॅस बंद करून ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

"इतकी वर्षं तुमच्या ताटाकडे बघून मला कळायचं, तुम्ही खूश आहात की नाही," त्या म्हणाल्या. "आता कशाकडे बघू?"

"माझ्या तोंडाकडे बघ," काका म्हणाले. "ते अजून आहे तेवढंच आहे."

काकू हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जास्तीचा चमचा पुढे केला नाही.

दर रविवारी दवाखान्याच्या व्यायामाच्या खोलीत अशीच शस्त्रक्रिया झालेले लोक जमत. काका मला पिशवीत घालून नेत, कारण त्यांच्या खाण्याची वेळ तिथेच व्हायची. शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई हे मंडळ चालवत. त्यांची शस्त्रक्रिया सर्वांत जुनी. खुर्च्या गोल मांडलेल्या असत आणि भिंतीपाशी एक टेबल. ज्याला जे कपडे ढगळ झाले ते त्याने त्या टेबलावर ठेवायचे, ज्याला बसतील त्याने न्यायचे. काकांचा चौकड्यांचा शर्ट मी तिथे एकामागून एक तिघांच्या अंगावर पाहिला.

तिथे कुणी कुणाला उपदेश करत नसे. एक जण सांगे की पोटाची कातडी लोंबते, आरशात बघवत नाही. दुसरी म्हणे, नवरा आता जास्त लाड करतो आणि त्याचाच मला राग येतो. काका म्हणाले, "माझ्या टपरीत गिऱ्हाईक येतं आणि मलाच विचारतं, आधीचे ते जाडे काका कुठे गेले? मी सांगतो, गावाला गेलेत." सगळे हसले. काकूही हसल्या. त्या रविवारी त्या पहिल्यांदाच बरोबर आल्या होत्या.

दीडेक वर्षाने तिथे एक नवी बाई आली. एका छापखान्याचे कॅन्टीन ती चालवत होती. सगळे तिला ताई म्हणू लागले. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. तिची शस्त्रक्रिया व्हायची होती. तिने विचारले, "बाई, माझा धंदाच खाण्याचा. चव न बघता स्वयंपाक कसा करू?"

गणिताच्या बाई म्हणाल्या, "चव बघ आणि थुंक. लाज सोड म्हणजे झालं."

काकांनी मला पिशवीतून काढले आणि तिच्या हातात ठेवले. "ही घेऊन जा. मला आता हिच्याहून मोठी लागते."

असे माझे घर बदलले. ताईच्या घरी तिची सासू होती. नवरा मालाचा टेम्पो चालवायचा, चार दिवस घरी तर दहा दिवस रस्त्यावर. शस्त्रक्रिया नीट झाली. ताई महिन्याभरात कॅन्टीनमध्ये उभी राहिली आणि मीही तिच्याबरोबर जाऊ लागले. छापखान्यातली माणसे वाईट नव्हती, पण त्यांची जीभ सैल होती. "ताई, तुझं बरंय," एक जण म्हणाला. "पोट कापलं की झालं. आम्ही बघ, रोज सकाळी पळतोय." ताई हसली. ते वाक्य मात्र तिच्या मनात रुतले. आपण सोपा रस्ता धरला, आता कुरकुर करायची सोय नाही, असे तिने स्वतःला बजावले.

नंतर अन्न अडकायला लागले. आधी घट्ट, मग मऊ, मग सूपसुद्धा. माझ्यातले तीन चमचे ती घ्यायची आणि मोरीत जायची. आत नळ मोठा सोडलेला असायचा. सासूला तरी ऐकू जायचेच. "एवढं करून घेतलंस, आता थोडे दिवस सोसावं लागेल," ती म्हणायची. तिने आयुष्यात बरेच सोसले होते, म्हणून तिला तोच उपाय ठाऊक होता. ताईने गोळ्या घेतल्या तरी त्या पोटात राहत नव्हत्या. तिच्या पायांना मुंग्या येत. एकदा मला उचलताना तिचा हात माझ्याशेजारच्या रिकाम्या जागेवर पडला. तिने डोळे चोळले आणि पुन्हा हात घातला.

मला सारे दिसत होते. पण मित्रांनो, वाटीला तोंड असते ते भरण्यापुरतेच.

ताई दोन रविवार मंडळात गेली नाही. बाईंचा फोन आला, काकांचा आला. "बरी आहे हो. कामाची गडबड आहे," तिने दोघांना सांगितले. आवाज एवढा खणखणीत होता की कुणीही विश्वास ठेवला असता. बाईंनी ठेवला. काकांनीही ठेवला. काकूंना मात्र चैन पडेना, हे मी पुढे त्यांच्याच तोंडून ऐकले. "फोनवर तोंड दिसत नाही," त्या म्हणाल्या आणि काकांना घेऊन सरळ छापखान्यात आल्या.

सकाळची वेळ होती. मोठ्या पातेल्यात भाजी शिजत होती. सासू कोपऱ्यात बसून कांदा चिरत होती. ताई हातात डाव घेऊन ओट्याला टेकून उभी होती. दारात दोघांना पाहून ती हसली.

"अगं बाई, चौघं चौघं आलात? एवढ्या खुर्च्या नाहीत माझ्याकडे!"

काकू हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी खिशातून एक किल्ली काढून समोर धरली.

"ताई, किल्ल्या किती?"

"काय काका, परीक्षा घेताय? दोन."

"एकच आहे."

"थकवा आहे," ताई म्हणाली. "झोप झाली की जाईल."

"इथपर्यंत चालत ये बघू."

ती ओटा सोडून निघाली. पाय फाकवून दोन पावले टाकली आणि तिसऱ्याला भिंत धरली. काकूंनी तिला कवेत घेऊन खुर्चीवर बसवले. "उलट्या कधीपासून होतायत?" त्यांनी विचारले. ताई पातेल्याकडे बघू लागली. कोपऱ्यातून सासूच म्हणाली, "तीन आठवडे झाले."

काकांनी दवाखान्यात फोन लावला. तिकडच्या परिचारिकेने दोन प्रश्न विचारले आणि सांगितले, थांबू नका, आत्ता घेऊन या.

"आत्ता कसं?" ताई उठू पाहत होती. "दुपारचं जेवण व्हायचंय. अख्खा छापखाना जेवतो माझ्याकडे. संध्याकाळी जाऊ."

तेव्हा सासू उठली. तिने हात पुसले आणि ताईच्या हातातला डाव काढून घेतला. "भाजी मला येते," ती म्हणाली. "तू नव्हतीस तेव्हाही लोक जेवतच होते." मग तिची नजर ताईच्या अनवाणी पायांकडे गेली. डाव ओट्यावर ठेवून ती खाली बसली आणि तिने सुनेच्या सँडलचे बंद लावले. काकूंनी मला आणि एका चमच्याला पिशवीत टाकले आणि आम्ही निघालो.

दवाखान्यात आधी शिरेतून जीवनसत्त्व दिले. इतक्या दिवसांच्या उलट्यांनी तिच्या शरीरातला साठा संपला होता आणि त्याचा मार डोळ्यांवर, पायांवर बसला होता. पोटाच्या कप्प्याचे आतड्याशी जोडलेले तोंड आकसून अरुंद झाले होते. दुर्बिणीची नळी घालून ते रुंद केले. डॉक्टर तिला म्हणाले, "आणखी थोडे दिवस घरी काढले असतेत तर..." आणि त्यांनी वाक्य तिथेच सोडले. टेम्पो वाटेत कुठेतरी सोडून आलेला नवरा पलंगाशी उभा होता. त्यालाही ते अर्धे वाक्य पुरे झाले.

डोळे काही दिवसांत ताळ्यावर आले. पायांनी मात्र महिने घेतले. ताई घरातल्या घरात भिंत धरून चालायला शिकली, मग काठी घेऊन. सासू तिच्या मागे मागे असायची आणि "सोस" हा शब्द तिने पुन्हा काढला नाही. ती फक्त विचारायची, "राहिलं का पोटात?"

ताई मंडळात परत आली तेव्हा बाईंनी तिला बोलायला सांगितले. ती एवढेच म्हणाली, "मला भीती उलट्यांची नव्हती. लोक म्हणतील, आता का रडतेस, याची होती." मग बाईंनी ठरवून टाकले की यापुढे जो येणार नाही त्याला नुसता फोन करायचा नाही, कुणीतरी घरी जायचे.

पुढच्याच रविवारी एक खुर्ची रिकामी राहिली. केस कापण्याचा व्यवसाय करणारा एक तरुण होता, त्याच्या शस्त्रक्रियेला चार महिने झाले होते. "मी जाते," ताई म्हणाली. सगळे तिच्या काठीकडे पाहू लागले. ती तोवर दारापर्यंत पोचली होती.

तो तिसऱ्या मजल्यावर राहत होता. प्रत्येक वळणावर ताई थांबली, कठडा धरून दम खाल्ला आणि पुन्हा निघाली. पिशवीत माझे आणि चमच्याचे आवाज होत होते. दार त्याच्या थोरल्या बहिणीने उघडले.

"तो बरा आहे. झोपलाय," ती म्हणाली.

"बरी आहे असं मीही सांगत होते," ताई म्हणाली. "उठव त्याला. मी इथेच बसते." आणि ती खरेच पायरीवर बसली.

थोड्या वेळाने तो आला. डोक्यावर टोपी होती. उलट्या? नव्हत्या. मुंग्या? नव्हत्या. नीट चालतही होता. मग तो आला का नव्हता? त्याने बहिणीला आत जायला सांगितले आणि टोपी काढली. शस्त्रक्रियेनंतर केस मुठीमुठीने गळून गेले होते. "न्हाव्याचंच टक्कल," तो म्हणाला. "गिऱ्हाईक काय म्हणेल? मी दुकानही उघडलं नाही." तो हसायला गेला, पण हसू काही आले नाही.

ताईने काठी बाजूला ठेवली आणि डोक्यावरचा रुमाल सोडला. तिच्या डोक्यावर नवे केस उगवले होते, बोटभर, दाट आणि ताठ. त्याचा हात पकडून तिने तो स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "बघ. गेले होते, परत येतायत. आता मला जरा उठव आणि दुकान उघड. मागून वाकडेतिकडे वाढलेत, सारखे करून दे."

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी सांगणार नाही. स्टीलला धूळ सोसते. पण तुमच्यातले कुणी मोठ्या दुखण्यातून उठले असेल, कमी जेवत असेल, लोकांत कमी दिसत असेल, तर त्याच्या ताटात किती आहे ते मोजू नका. कसा आहेस ते विचारा. आणि दारातूनच "बरा आहे" असे उत्तर आले, तर लगेच जिना उतरू नका. थोडा वेळ पायरीवर बसा.