ईश्वरकाका म्हणाले, मशीन बिघडलंय

मित्रांनो, मी रक्तदाब मोजणारा एक जुना मॉनिटर आहे. टेक्सासमधल्या फ्रिस्कोला, राकेश आणि पायलच्या स्वयंपाकघरात टोस्टरशेजारी माझा मुक्काम असतो. माझा पट्टा विटला आहे, पण तोंडदेखलं बोलणं मला अजूनही जमत नाही.

एरवी मला कुत्रं विचारत नाही. नागपूरहून राकेशचे आईबाबा, म्हणजे कांताकाकू आणि ईश्वरकाका आले, की माझे दिवस पालटतात. सकाळी चहाआधी काका पाठ टेकून बसतात. पाय जमिनीला, हात टेबलावर, तोंडाला कुलूप. मी त्यांच्या दंडाला घट्ट धरतो आणि आकडा सांगतो. तेव्हा मला फार बरं वाटतं.

यंदा काका मार्चअखेर परतणार होते. पण इथल्या मंडळींनी गळ घातली, "भीमजयंतीला तुमचं भाषण हवंच!" तिकीट पुढे ढकललं गेलं. काका खुशीत भाषण लिहू लागले, आणि माझे आकडे चढू लागले.

काकांना काही दुखत-खुपत नव्हतं. रक्तदाबाची हीच तर खोड! तो गुपचूप वाढतो आणि एके दिवशी पक्षाघातच घेऊन येतो. मी रोज खरं सांगत होतो, पण ऐकतो कोण?

"राकेश, हे मशीन बिघडलंय. मी ठणठणीत आहे!"

"ओके बाबा, नवीन ऑर्डर करतो."

माझ्या जिवाला फार लागलं. तेवढ्यात कांताकाकूंनी बाही वर केली. "थांब. आधी माझं बघ." त्यांचा आकडा नेहमीसारखाच आला. मग पायल बसली. तिचाही व्यवस्थित.

"अहो, मशीन तर बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "गोळी घेता ना?"

"घेतो की. अर्धी." काका खाली बघत म्हणाले. "परतीच्या तारखेपर्यंतच्याच आणल्या होत्या. जयंतीपर्यंत पुरवायच्या होत्या. उगाच तुमची धावपळ कशाला?"

पायलने लगेच फोन उचलला. "बाबा, आत्ताच क्लिनिकला कॉल करते."

त्याच दिवशी काका डॉक्टरांकडे गेले. इथल्या गोळीचं नाव वेगळं निघालं, औषध मात्र तेच, आणि आता रोज पूर्ण गोळी. हळूहळू माझे आकडे खाली आले आणि माझा जीव भांड्यात पडला.

जयंतीला काका सगळ्यांचा रक्तदाब मोजायला मलाही हॉलवर घेऊन गेले. भाषण झकास झालं. जेवणाआधी शेजारच्या प्लेनो गावचे राजारामकाका माझ्यासमोर बसले. त्यांचा आकडा बराच चढला होता. ते हळूच म्हणाले, "साहेब, अर्धी गोळी चालते ना हो?"

ईश्वरकाकांनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "नाही चालत. मीही तेच करून बसलो होतो. चला, तुमच्या मुलाला सांगू."

मित्रांनो, तुमच्या घरी आजी-आजोबा राहायला आले, की त्यांना हवं तिकडे फिरवा, हवं ते खाऊ घाला. पण त्यांचं तिकीट पुढे ढकलाल, तेव्हा एवढं जरूर विचारा, "गोळ्या पुरतील ना?" ते आपणहून सांगणार नाहीत.