मेजर कोणी बदललं?

बोरी अरबच्या बसस्टँडसमोर राजकुमार राठोडचं ऑनलाइन सेंटर आहे. दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि बाहेर पाटी: 'सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील'. आजकाल फॉर्मावाचून कोणाचं घर चालतं? पीकविमा, रेशन, जातीचा दाखला, कॉलेजचा प्रवेश, सगळ्यासाठी लोक राजकुमारकडेच यायचे. माणूस तसा भला. म्हाताऱ्यांना आपली खुर्ची द्यायचा, निराधारांचं काम फुकट करायचा. लोकांचा त्याच्यावर डोळे झाकून विश्वास होता, आणि सगळा घोळ त्या झाकलेल्या डोळ्यांमुळेच झाला.

प्रवेशाच्या दिवसांत बाप यायचे, मुलीला बाहेरच्या बाकावर बसवायचे आणि काउंटरवर वाकून म्हणायचे, "राजूभाऊ, पोट्टीले सोप्पा विषय टाक. दूरदूर जा-ये करा लागन असं काही नको." राजकुमार मान हलवायचा. मुलगी आत येऊन आपल्या हातानं विषय निवडायची. "सर्व्हर हळू हाय, सबमिट मी करतो," असं म्हणून तो तिला उठवायचा आणि बापाच्या मनातला विषय टाकून द्यायचा. ओटीपी बापाच्या नाहीतर राजकुमारच्याच मोबाईलवर यायचा. मुलीला पत्ताच नसायचा. यात आपलं काही चुकतंय असं त्याला कधी वाटलंही नाही. उलट आपण घराघरातली भांडणं मिटवतो, असंच तो समजायचा!

त्या दिवशी बाजार होता. सेंटरमध्ये लीलाबाई आणि त्यांची मुलगी अपेक्षा बसल्या होत्या. अपेक्षाचं लग्न मे महिन्यात झालं. सासरच्या रेशनकार्डात नाव चढवायचं, म्हणून माहेरच्या कार्डातून ते कमी करायचं होतं. राजकुमारनं तिचं आधारकार्ड हातात घेतलं, तेवढ्यात त्याची धाकटी बहीण उज्ज्वला आत शिरली. तालुक्याच्या कॉलेजातून बसनं ती थेट इथं आली होती. तिनं मोबाईलवर काढलेला यादीचा फोटो भावाच्या तोंडासमोर धरला.

"भिया, माझं मेजर कोनं बदललं?"

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक विषय मेजर घ्यायचा आणि एक मायनर. उज्ज्वलानं अर्थशास्त्र मेजर निवडलं होतं. यादीत मात्र तिच्या नावापुढे मराठी मेजर आणि अर्थशास्त्र मायनर असं छापलं होतं.

"सर्व्हरचा घोटाळा असन," राजकुमार स्क्रीनकडे बघत म्हणाला.

"ओटीपी सर्व्हरच्या मोबाईलवर गेलता का? मॅडमनं कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मले नंबर दाखवला. तुह्या मोबाईलचा नंबर हाय तो!"

राजकुमार चिडला. पकडला गेलेला माणूस आधी चिडतोच.

"हो, म्या बदललं! अर्थशास्त्र ठेवलंच ना मायनरमधी? मेजरले काय काय लागते माहीत हाय तुले? सांख्यिकीचा पेपर. मंजे गणितच. मंग तो प्रोजेक्ट, गावोगाव हिंडून लोकाइले इचारा लागते. वर कुठंतरी जाऊन ट्रेनिंग. शेवटची बस हुकली तं कोन येईन आनाले? फेल झाली तं?"

"ते समदं कागदावर लिहिलेलं हाय. म्या तीनदा वाचलं," उज्ज्वला मोबाईल तसाच त्याच्यासमोर धरून म्हणाली. "मले तेच पायजे! सांख्यिकी आन् प्रोजेक्ट मायनरले नाहीच. आपल्या तांड्यातली तूर दारव्ह्याले एका भावानं जाते आन् दिग्रसले दुसऱ्या. काहून जाते, हे मले शोधाचं हाय. पहिल्या वर्षाले अर्थशास्त्रात वर्गात पहिली आली मी. फेल होईन हे तुले कोनं सांगतलं?"

"तुह्या भल्यासाठीच केलं ना!"

"मंग माह्यापासून लपून काहून केलं?"

भाजीची रिकामी टोपली घेऊन त्यांची आई जमनी, बंजारा बोलीत त्यांची याडी, दारात कधीची उभी होती. पोरांचा आरडाओरडा तिनं बाजारातूनच ऐकला होता.

"राजू, एक सांग," ती आत येत म्हणाली. "तुले बारावीनंतर कॉम्प्युटर शिकाचा होता. तुहा बा मने, पोलीस भरती कर. म्या तुह्या बापाशी दोन महिने भांडली. तवा तू काय मनला होता?"

राजकुमार उगाच प्रिंटरमधले कागद सरळ करू लागला.

"मी सांगते. तू मनला, याडी, जिंदगी माही हाय तं इचारा तरी मले. आपले जुने लोक बैलावर मीठ लादून मुलूख फिरत. बाया संग चालत, बाजार करत, भाव करत. तवा कोनाले बस हुकाची भीती नव्हती. आन् आता शिकून सवरून तू पोरीले गावात हिंडाची मनाई करतं? तेही चोरून?"

"याडी, मी एकटाच हाय का? लोकच सांगतेत..."

"लोकाइनं सांगतलं, पन बटन कोनाचं बोट दाबते?"

इतका वेळ खाली मान घालून बसलेली अपेक्षा हळूच बोलली. "दादा, मागच्या सालीचा माहा फॉर्म? म्या बी अर्थशास्त्रच टाकलं होतं. यादीत गृहअर्थशास्त्र आलं."

राजकुमारच्या हातातलं तिचं आधारकार्ड तसंच राहिलं.

"मले वाटलं मीच चुकीचं बटन दाबलं," ती म्हणाली. "बाबा मने, जिले साधा फॉर्म भरता येत नाही ते कॉलेजात काय दिवे लावन. मलेबी तसंच वाटलं. लाजीनं म्या कॉलेजच सोडलं. सालभर मी स्वतःले येडी समजून राह्यली, दादा!"

लीलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "हिच्या बापानं सांगतलं असन तुले," त्या पुटपुटल्या. राजकुमारनं नाही म्हटलं नाही.

किती सहज केलं होतं त्यानं ते! पाच सेकंदांचं काम. त्या पाच सेकंदांत एका हुशार मुलीचा स्वतःवरचा विश्वास गेला, शिक्षण गेलं, आणि या माणसाला ते आठवतही नव्हतं! राजकुमारला स्वतःचा संताप आला. भल्यासाठी, भल्यासाठी म्हणत आपण चोरीच करत होतो, हे त्याला पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी दिसलं.

"फॉर्मची दुरुस्ती कधीलोक करता येते?" त्यानं विचारलं.

"आज संध्याकाळी पाच वाजेलोक," उज्ज्वला म्हणाली.

त्यानं भरलेल्या फॉर्मांची यंदाची वही काढली. विषय बदललेल्या सतरा मुली निघाल्या. तो एकेका घरी फोन लावू लागला. "फॉर्म म्या बदलला, चूक माही हाय, पोरीले घेऊन या," असं तो प्रत्येकाला सांगत होता. काही बापांनी शिव्या दिल्या. तिघांनी फोनच कापला. पाच वाजेपर्यंत चौदा मुली येऊन गेल्या. सगळ्यांनी विषय बदलले असं नाही. दोघींनी मराठीच ठेवलं, पण या वेळी ते त्यांनी स्वतः निवडलं होतं.

उज्ज्वलाचा नंबर सगळ्यांत आधी लागला होता. नोंदीतला मोबाईल नंबर बदलून तिचा टाकला, ओटीपी तिच्या फोनवर आला. राजकुमारनं सवयीनं फोनसाठी हात पुढे केला. उज्ज्वलानं तो दिला नाही.

"ऊठ," ती म्हणाली.

तो उठला. भावाच्या खुर्चीवर बसून तिनं सहा आकडे टाकले आणि सबमिटचं बटन स्वतः दाबलं.

अपेक्षा अजून तिथंच बसलेली होती. जायला निघताना तिनं विचारलं, "माह्या फॉर्मची तारीख तं गेली ना, दादा?"

"पुढच्या साली भरू, ताई. सासरी मी सोता येऊन बोलतो," राजकुमार म्हणाला. "नाही," ती म्हणाली. "मीच बोलीन. तू फक्त फॉर्म कधी निघते ते सांग."

दुसऱ्या दिवशी सेंटरबाहेर पाटीखाली एक नवा कागद लागला: 'मुलीचा फॉर्म मुलगी स्वतः भरेल. मोबाईल नंबर तिचाच लागेल. आईवडिलांनी बाकावर बसावे.'

वाचकहो, मुलीला शाळेत घातलं म्हणून आपण मोठी फुशारकी मारतो. पण तिनं काय शिकायचं हे तिच्या पाठीमागे ठरवत असू, तर ते शिक्षण नव्हे, फसवणूक आहे! तिला अवघड जाईल, ती हरेल, तिची बस हुकेल. हुकू द्या. तीही पुढची बस पकडू शकते. आज घरी गेल्यावर एवढंच विचारा, आपल्या मुलीचा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो? तिच्या येत नसेल, तर आधी तो नंबर बदला.