तो नंबर सांग, निशा

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये, जीन्सच्या एका कारखान्यात निशा तयार माल तपासायची. मोबाईलवर बँकेचा ओटीपी आला तेव्हा ती एका पॅन्टचे धागे कापत होती. तिने तर काहीच विकत घेतलं नव्हतं. क्रेडिट कार्डसुद्धा अंबरनाथला घरी, कपाटात होतं. ती मेसेज परत वाचतेय तोच दुसरा ओटीपी आला.

नवरा सुयोग कामावर गेला होता; घरी फक्त सासरे होते, हिरामण. तिने फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज.

मग त्यांचाच फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"निशा, तुझ्या मोबाईलवर नंबर आलाय ना, तो सांग. लवकर."

"कोणाला द्यायचाय, बाबा?"

"बँकेतले साहेब आहेत लाईनवर. फोन न कापता तुला कसा लावायचा, तेही त्यांनीच सांगितलं. आपल्या कार्डावरून कोणीतरी भलताच माल मागवलाय. सुयोगला कंपनीच्या गेटवर पकडलंय गं! नंबर दिला की कार्ड बंद करतील, त्याला सोडतील."

"तुम्ही कार्ड काढलंत कपाटातून?"

"पुढचं मागचं सगळं वाचून दाखवलं. आता एवढाच नंबर राहिलाय."

हे फसवणारे आहेत, हे तिला कळत होतं. तरी तिने विचारलं, "सुयोगचं नाव तुम्ही सांगितलंत ना त्यांना?"

"नाही. त्यांनीच घेतलं. आनंदनगरची कंपनीपण बरोबर सांगितली."

क्षणभर तिला वाटलं, खरं असलं तर?

"बाबा, मी नंबर देणार नाही."

"माझ्या पोराला आत टाकतील." ते रडायला लागले. सासूबाई गेल्या तेव्हाही हा माणूस रडला नव्हता. "पाया पडतो तुझ्या. सांग."

तिने फोन कापला. बँकेचं ॲप उघडून कार्ड ब्लॉक केलं. मग सुयोगला फोन लावला. रिंग वाजत राहिली. मालकाला कसंबसं सांगून ती बाहेर धावली आणि मिळेल त्या रिक्षात एकटीच बसली. वाटेत ती सुयोगला फोन लावतच होती. तो उचलत नव्हता.

घराला आतून कडी होती.

"बाबा, मी निशा."

"बरोबर पोलीस आहेत का?"

"कोणी नाही. दार उघडा."

"नाही. साहेब नको म्हणालेत."

ती दारावर थापा मारत असतानाच सुयोगचा फोन आला. "काय गं, एवढे मिस्ड कॉल? आत मोबाईल नेऊ देत नाहीत, आत्ता लॉकरमधून काढला."

तिला हुंदका आला. तिने स्पीकर लावून मोबाईल दाराला टेकवला. "बाबांशी बोल. जोरात बोल."

"बाबा? काय झालं? मी कंपनीतच आहे."

मग कडी निघाली. हिरामण घामाने भिजले होते. हातातला फोन अजून चालूच होता, आणि त्यातून एक शांत, समजूतदार आवाज येत होता, "अंकल, दरवाजा मत खोलना. अंकल, सुन रहे हो ना?"

निशाने फोन घेऊन बंदच करून टाकला. नंतर तिने बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० वर, कळवलं. पैसे गेले नव्हते. तसं तिने बाबांना दोनदा सांगितलं, पण ते खिडकीकडेच बघत होते.

"त्यांना आपलं घर माहीत असेल का गं?"

"मला नाही माहीत, बाबा," ती म्हणाली, आणि उठून तिने दाराची कडी लावली.